कानातले गुपित: दृष्टिहीनता, पासवर्ड आणि स्वत्वाचा प्रश्न

एखादी व्यक्ती कालची तीच आहे हे कशावरून ठरवायचे, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी आत्म्याविषयी विचारला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकशास्त्राने तो खातेदाराविषयी विचारला. दोघांनीही प्रथम स्मृतीचाच आधार घेतला. गौतमाच्या न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी असा युक्तिवाद येतो की, जी वस्तू पूर्वी डोळ्यांनी पाहिली तिलाच आता हाताने स्पर्श केला असे ज्याला म्हणता येते, तो जाणणारा डोळाही नव्हे आणि त्वचाही नव्हे, त्या दोन्ही अनुभवांना एकत्र बांधणारा तो कोणी निराळाच असला पाहिजे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६१च्या सुमारास फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने अनेकांनी मिळून वापरायच्या संगणकासाठी पासवर्डची योजना केली, तेव्हा तिच्या मुळाशीही असेच एक गृहीत होते: ज्याला ठरलेला गुप्त शब्द आठवतो तोच खरा मालक.

संगणकात जतन केलेला, म्हणजे रूढ भाषेत 'सेव्ह' केलेला, पासवर्ड स्क्रीन रीडरच्या साहाय्याने भरणारी दृष्टिहीन व्यक्ती या गृहीताला धक्का देते. तो पासवर्ड तिला दिसत नाही, बहुतेक वेळा ऐकूही येत नाही आणि पुष्कळदा आठवतही नाही; तरीही खाते तिचेच असते आणि ते उघडणारीही तीच असते. हे मान्य केले तर गुपितावरची मालकी नेमकी कशात असते, असा प्रश्न उभा राहतो. त्याचा विचार येथे पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांच्या संदर्भात केला आहे, कारण १९४८पर्यंत महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी असलेले जव्हार आणि त्याच्या शेजारचा मोखाड्याचा डोंगराळ मुलूख, येथील वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या समाजांचे धार्मिक ज्ञान मुख्यतः कानावाटे चालत आलेले आहे, आणि आता याच लोकांकडे शिष्यवृत्ती, अनुदान, दाखले, दिव्यांग प्रमाणपत्र असा शासनाचा बराचसा व्यवहार संकेतस्थळांच्या वाटेने येऊ लागला आहे.

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरील मजकूर आणि तेथील बटणे, चौकटी, याद्या यांची माहिती आवाजात सांगणारी संगणकप्रणाली. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांच्या कामातून २००६पासून घडत गेलेली एनव्हीडीए ही प्रणाली विनामूल्य मिळते. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक या नावाची अशीच सोय असते. एनव्हीडीए वापरणारी व्यक्ती लॉगिनच्या पानावर टॅबची कळ दाबत पुढे सरकते, तेव्हा प्रत्येक चौकटीचे नाव आणि प्रकार तिला कानात ऐकू येतो. पासवर्डच्या चौकटीवर आल्यावर 'पासवर्ड, एडिट, प्रोटेक्टेड' असे शब्द येतात आणि तेथे काहीही टंकले तरी प्रत्येक अक्षरामागे 'स्टार, स्टार' एवढेच ऐकू येते. ब्राउझरमध्ये पासवर्ड जतन केलेला असेल तर वापरकर्त्याच्या नावाच्या चौकटीतून खालच्या बाणाची कळ दाबली की जतन केलेल्या नावांची यादी ऐकू येते, एंटर दाबले की दोन्ही चौकटी भरल्या जातात, आणि मग 'लॉगिन' हे बटण ऐकू येईपर्यंत टॅब दाबत जायचे असते. या साऱ्या क्रियेत पासवर्डचे एकही अक्षर उच्चारले जात नाही. चौकटीला नाव देण्याची तसदी संकेतस्थळ बनवणाऱ्याने घेतली नसेल तर मात्र कानावर नुसते 'एडिट' येते, आणि ही चौकट पासवर्डची की मोबाइल क्रमांकाची हे कळायला मार्ग उरत नाही.

अक्षरांच्या जागी ठिपके दाखवण्याची जी रीत आहे, तिच्यामागे एक विशिष्ट चोर गृहीत धरलेला असतो: पाठीमागे उभा राहून डोळ्यांनी वाचणारा. दृष्टिहीन व्यक्तीच्या बाबतीत चोर कानाने येतो. फोनचा आवाज मोठा असेल आणि कळफलकावरील अक्षरे उच्चारली जात असतील तर शेजारी बसलेल्याला काही न करता सगळे गुपित मिळते. म्हणून टॉकबॅकमध्ये पासवर्डची अक्षरे बोलून दाखवायची की नाही हे ठरवण्याची सोय दिलेली असते, आणि म्हणूनच इअरफोन हे या वापरात खासगीपणाचे मुख्य साधन ठरते. डोळसांच्या जगात गुपित झाकण्यासाठी हाताचा आडोसा पुरतो. येथे आवाजालाच एका कानापुरते मर्यादित करावे लागते.

आवाजाच्या या स्थानाचा एक प्राचीन आणि गंभीर विचार बृहदारण्यक उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात आहे. मनुष्य कोणत्या प्रकाशाच्या आधारे वावरतो, असे जनक याज्ञवल्क्याला विचारतो. सूर्याच्या, असे पहिले उत्तर येते. सूर्य मावळल्यावर चंद्राच्या, चंद्रही मावळल्यावर अग्नीच्या, आणि अग्नीही विझल्यावर वाणीच्या. स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही अशा अंधारात जिकडून शब्द येतो तिकडे माणूस जातो, हे याज्ञवल्क्याचे स्पष्टीकरण आहे, आणि शांकरभाष्यात येथे वाणी म्हणजे कानाला जागे करणारा शब्द असा अर्थ केला आहे. या संवादात वाणी ही प्रकाशाची उपमा म्हणून आलेली नाही. सूर्य आणि अग्नी यांच्याच पंक्तीत, त्यांच्याच कामासाठी तिला बसवले आहे. दृष्टिहीन माणसाच्या जगण्याला उणे मानण्याची जी सवय समाजाला आहे, तिला या उपनिषदात आधार सापडत नाही. छांदोग्य उपनिषदातील इंद्रियांच्या कलहातही हेच दिसते: श्रेष्ठ कोण हे ठरवण्यासाठी एकेक इंद्रिय वर्षभर शरीर सोडून जाते, आणि डोळा परत येऊन विचारतो तेव्हा त्याला सांगितले जाते की आंधळा जसा श्वास घेतो, बोलतो, ऐकतो आणि विचार करतो तसेच त्याच्यावाचून निभले. जगणे थांबण्याची वेळ येते ती प्राण निघू लागल्यावर.

याज्ञवल्क्याचा संवाद वाणीपाशी थांबत नाही. वाणीही शांत झाल्यावर कोणता प्रकाश उरतो, असे जनक पुन्हा विचारतो, आणि आत्मा हे उत्तर येते. प्रस्तुत प्रश्नासाठी ही शेवटची पायरी महत्त्वाची आहे, कारण जतन केलेला पासवर्ड भरला जातो तेव्हा स्क्रीन रीडरही त्याच्यापुरता गप्प असतो: चौकट ऐकू येते, बटण ऐकू येते, गुपित ऐकू येत नाही. तेव्हा त्या क्षणी खातेदार म्हणून जे कोणी उपस्थित आहे, ते ना पाहणारे, ना ऐकणारे, ना आठवणारे. मग ते कोण? हा प्रश्न अध्यात्मातील आत्म्याचा नाही आणि दोहोंची सरमिसळ करणे चुकीचे ठरेल. तरी इंद्रियांचा एकेक आधार काढून घेत घेत मालकाचा शोध घ्यायचा, ही रीत दोन्हीकडे एकच आहे.

स्मृती हा या शोधातील शेवटचा मोठा अडथळा होय, आणि त्याचा विचार करताना जव्हार-मोखाड्याच्या परंपरेचा फार उपयोग होतो. वारली समाजात विवाहविधी धवलेरी चालवते. ती स्त्री असते, आणि तिचा अधिकार पोथीत नसून तिला मुखोद्गत असलेल्या गीतांत असतो. देवचौक, त्यातील पालघट देवी, धान्याची देवी कणसरी, हे सारे तिच्या गाण्यातून विधीत उतरते. भगताची विद्याही शिकवणाऱ्याकडून शिकणाऱ्याकडे तोंडी जाते आणि तिच्यातला काही भाग जाणूनबुजून गुप्त ठेवला जातो. या ठिकाणी आठवणे आणि असणे यांत फारकत करता येत नाही. धवलेरीच्या ओळी दुसऱ्या कोणी कागदावरून वाचल्या तर तो विधी राहणार नाही, याविषयी ज्यांना तो समाज आतून माहीत आहे त्यांना क्षणभरही संशय पडणार नाही, कारण ती गीते तिच्या वयासोबत, तिने लावलेल्या लग्नांसोबत, ऐकणाऱ्यांच्या प्रतिसादासोबत तिच्यात वाढलेली असतात.

पासवर्डची जात याच्या अगदी उलट आहे. तो जितका निरर्थक तितका बळकट. कोणत्याही भाषेत न सापडणारी, रोमन लिपीतील मोठ्या-लहान अक्षरांची, आकड्यांची आणि चिन्हांची माळ हा त्याचा आदर्श. मनुष्याची स्मृती अर्थाला धरून चालते आणि अशी माळ ती टाकून देते, त्यामुळे माणसे पासवर्ड म्हणून स्वतःचे नाव, जन्मसाल किंवा देवाचे नाव वापरतात आणि तो सहज ओळखला जातो. तेव्हा पासवर्ड आठवत नाही म्हणून माणसाच्या स्वत्वात काही उणे येते, असे म्हणणे धवलेरीच्या गीताला लागू पडणारा निकष भलत्याच ठिकाणी लावण्यासारखे आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्याला अपरिचित लिपीतली ती माळ पाठ करायला लावणे, आणि तारांकित शांततेत चुकत-माकत टंकायला लावणे, यात ओळखीची कसोटी फारशी नसते. कसोटी असते ती सोसण्याची.

अँडी क्लार्क आणि डेव्हिड चामर्स या तत्त्वज्ञांनी १९९८ मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या लेखात ओटो नावाचा कल्पित माणूस आहे. त्याची स्मृती आजाराने क्षीण झालेली असून तो सर्व माहिती एका वहीत लिहून ठेवतो. वही सदैव त्याच्याजवळ असते, तिच्यातले त्याला चटकन सापडते, आणि त्याने पूर्वी स्वतः मान्य केलेलेच तिच्यात असते; म्हणून ती वही त्याच्या मनाचा भाग मानावी, असे त्यांचे म्हणणे. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड सांकेतिक रूपात जतन करून योग्य त्या संकेतस्थळावर भरणारी सोय, ही ओटोच्या वहीसारखीच दिसते. तथापि या लेखकांच्या विवेचनात एक गोष्ट मागे पडते, ती म्हणजे वही कोणाच्या हातात आहे. मनाचा विस्तार वहीपर्यंत होतो की नाही हा वाद तत्त्वज्ञांना दीर्घकाळ घालता येईल. वही दुसऱ्याच्या कपाटात असेल तर मात्र तो वादच उद्भवत नाही.

ग्रामीण महाराष्ट्रात अनेक ठिकाणी दिसणारी पद्धत अशी की, अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात आलेल्या माणसाचे खाते केंद्रचालकच उघडतो, पासवर्डही तोच ठरवतो आणि आपल्या वहीत लिहून ठेवतो. यात दुष्ट हेतू असतोच असे नाही. बहुधा तो सोयीचा आणि मदतीचा भाग असतो, आणि डोळस माणसांचीही तीच स्थिती असते. फरक एवढाच की डोळस माणसाने मनात आणले तर त्याला पासवर्ड बदलून घेता येतो, तर दृष्टिहीन माणसाला तो बदलण्यासाठीही पुन्हा कोणाच्या तरी डोळ्यांची गरज लागते, आणि ते डोळे नवा पासवर्डही पाहतात. घरचा मुलगा किंवा सून वाचून दाखवील, हे उत्तर सहज सुचते. परंतु या दोन तालुक्यांतील कितीतरी कुटुंबे भातकापणी आटोपली, दिवाळी झाली की भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघून जातात, आणि घरी राहतात त्या वृद्धांना, त्यांतल्या दृष्टी गेलेल्यांना, पावसाळा तोंडावर येईपर्यंत विश्वासाचे डोळे मिळत नाहीत. चार माणसांच्या रांगेत केंद्रचालकाने पासवर्ड मोठ्याने वाचून खात्री करून घेणे आणि तोच व्यवहार इअरफोन लावून, एकही अक्षर न उच्चारता, स्वतःच्या बोटाने पूर्ण करणे, या दोन्हींचा शेवट एकच: अर्ज भरला जातो. माणसाच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने मात्र या दोन वेगळ्या घटना आहेत.

येथे धार्मिक अंगाने एक आक्षेप येऊ शकतो आणि तो वरवरचा नाही. ईश्वर अंतर्यामी आहे, त्याच्यापासून काहीच लपत नाही, असे बृहदारण्यकातच सांगितले आहे. भक्तिमार्गातही नवविधा भक्तीची शेवटची पायरी आत्मनिवेदन, म्हणजे स्वतःला संपूर्णपणे अर्पण करणे, ही मानली आहे. मग गुपितावर इतका हक्क सांगणे हे अहंकाराचेच रूप नव्हे काय, आणि मुलावर, शेजाऱ्यावर विश्वास टाकून मोकळे होणे हे यंत्राच्या मागे लागण्यापेक्षा अधिक मानवी नव्हे काय? या आक्षेपाला उत्तर आत्मनिवेदनाच्या कल्पनेतच आहे. जे आपले आहे तेच अर्पण करता येते. ज्याच्याकडे गुपित ठेवण्याची सत्ताच कधी नव्हती, त्याने ते उघड केले असे म्हणता येत नाही. त्याच्याकडून ते काढून घेतलेले असते. दृष्टिहीन आजीने नातवाला विश्वासाने पासवर्ड सांगणे हा स्नेह आहे, पण तिला न सांगण्याचा पर्याय असेल तेव्हाच. अंतर्यामी ईश्वराला सर्व ठाऊक आहे यावरून रांगेतल्या माणसांना ते ठाऊक असायला हरकत नाही असे निघत नाही, कारण ईश्वराच्या जाणण्याने कोणाच्या अनुदानाचे पैसे जात नाहीत आणि कोणाची मान खाली जात नाही.

विदर्भातील माधानचे संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांचे उदाहरण या संदर्भात मोलाचे आहे. तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या या प्रज्ञाचक्षू पुरुषाने, म्हणजे बुद्धी हेच ज्याचे नेत्र आहेत अशा पुरुषाने, इतरांकडून ग्रंथ वाचून घेतले आणि स्वतःचे विपुल लेखन इतरांना सांगून लिहवून घेतले. त्यांचे वाचक आणि लेखनिक होते म्हणून त्यांचे ज्ञान उसने ठरले नाही. काय वाचायचे, कोठे थांबायचे, काय लिहायचे हे तेच ठरवत होते. साहाय्य घेणे आणि परतंत्र असणे यांतील रेषा येथे स्पष्ट होते: आवाज दुसऱ्याचा असला तरी आज्ञा स्वतःची असली पाहिजे. आजच्या स्क्रीन रीडरचा आवाजही दुसऱ्याचाच आहे, तोही प्रमाण भाषेतला, वारली किंवा क-ठाकुरी बोलणाऱ्याला काहीसा परका वाटणारा. तरी तो वापरणाऱ्याच्या बोटाबरोबर चालतो आणि थांबवला की थांबतो.

जतन केलेल्या पासवर्डचा आणखी एक गुण आहे, ज्याची दखल तत्त्वविचाराने घ्यायला हवी. छांदोग्याच्या आठव्या अध्यायात प्रजापतीकडे शिकायला गेलेले इंद्र आणि विरोचन पाण्यातले आपले प्रतिबिंब पाहतात. विरोचन त्यालाच आत्मा मानून समाधानाने परततो, तर इंद्राला वाटेतच शंका येते की शरीर आंधळे झाले तर हा आत्माही आंधळा ठरेल, आणि तो माघारी फिरतो. दिसण्यावर विसंबल्याने फसगत होते, हे बनावट संकेतस्थळे रोज सिद्ध करतात: बँकेच्या पानासारखे हुबेहूब पान पाहून डोळस माणूस पासवर्ड देऊन बसतो. पासवर्ड मॅनेजर पानाचे रूप पाहत नाही, त्याचा पत्ता पडताळतो, आणि पत्ता जुळला नाही तर पासवर्ड पुढे करत नाही. पानाच्या रूपावरून खरे-खोटे करणे ज्याला शक्यच नाही अशा माणसासाठी हे संरक्षण अमूल्य आहे, आणि ते डोळसांनाही तितकेच उपयोगी पडते. मोखाडा-जव्हारकडील बोहाड्यात, संबळ-सनईच्या ठेक्यावर रात्रभर देवतांचे मुखवटे नाचतात तेव्हा मुखवट्यामागे गावातलाच कोण आहे हे लोकांना ठाऊक असते आणि तरीही नमस्कार देवालाच पोचतो. तेथे रूपाला गावाचा विश्वास बांधलेला असतो. संकेतस्थळाच्या रूपामागे असा गाव नसतो, म्हणून तेथे पत्ता पडताळावाच लागतो.

या व्यवस्थेलाही धोका आहेच. उघडा राहिलेला फोन दुसऱ्याच्या हाती पडला तर जतन केलेले सर्व पासवर्ड त्याचेच होतात. म्हणून फोनचे कुलूप हे या साखळीतले एकच गुपित असे उरते की जे माणसाने स्वतः लक्षात ठेवावे किंवा बोटाच्या ठशाला बांधावे, आणि शेतात, भट्टीवर राबून ठसे झिजलेल्या हातांना दुसरा मार्ग कमी भरवशाचा असतो. सहा आकड्यांचे एक कुलूप लक्षात ठेवणे मात्र कोणत्याही वयात फारसे जड नाही.

कायदा या विचाराच्या बराच जवळ आला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम माहिती व संपर्काची साधने दिव्यांगांना वापरता येतील अशी करण्याची जबाबदारी शासनावर टाकतो. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी, ग्राहक-ओळखीच्या प्रक्रियेत कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करण्याची अट ज्यांना पाळता येत नाही अशांच्या याचिकांवर, डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा अनुच्छेद २१मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे त्याच न्यायालयाने सांगितले. संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे डब्ल्यूसीएजी २.२ हे आंतरराष्ट्रीय निकष ५ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रसिद्ध झाले, आणि त्यांत लॉगिनसाठी केवळ स्मरणशक्तीवर विसंबू नये, पासवर्ड मॅनेजरला भरू द्यावे आणि मजकूर चिकटवण्यास अडवू नये, अशी अपेक्षा स्पष्टपणे मांडली आहे.

जव्हार आणि मोखाडा येथे अर्ज भरून देणाऱ्या प्रत्येक केंद्रात एका संगणकावर एनव्हीडीए आणि एक इअरफोन असावा, दृष्टिहीन व्यक्तीचा पासवर्ड केंद्राच्या वहीत किंवा केंद्राच्या संगणकात न ठेवता तिच्या स्वतःच्या फोनमध्ये जतन करून द्यावा आणि तो भरायचा कसा हे तिला तिच्या बोलीत, तिच्या वेगाने शिकवावे. ब्रेलने १८२९ मध्ये आपली लिपी प्रसिद्ध केली, आणि तिच्यामुळे दृष्टिहीनांना आपले पत्र आपण एकट्याने वाचण्याचा अधिकार मिळाला. डोंगरातल्या एका दृष्टिहीन शेतकऱ्यालाही आपले खाते आपण एकट्याने उघडण्याचा अधिकार आहे, आणि त्यासाठी लागणारी प्रणाली फुकट मिळते.